वडिलांचा व्यवसाय

मंगळवार, १७ मार्च
दुपार, कामाच्या बाकावरून

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र काल मिळालं. जहाजावर सगळे धडधाकट आहेत आणि तुझ्याकडे फक्त उलट्या नि खरचटलेली बोटं येतात, हे वाचून बरं वाटलं. नर्सला काम कमी म्हणजे जहाजाची तब्येत चांगली. इकडे आम्ही बापलेक, मी आणि खारू, मजेत आहोत. हवा बरी आहे. न्हाणीघराची कडी एकदाची बसवली. तू लावून गेलेल्या तीन कुंड्यांपैकी दोन जिवंत आहेत. गेली ती कोणती, हे विचारू नकोस. खारूची उंची वाढली आहे आणि तिने तुझे निळे मोजे पळवले आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तुला आठवणीने नमस्कार सांगितला आहे.

आता शाळेचं. पत्रात तू तीनदा विचारलं आहेस. परीक्षा झाली, मुलाखत झाली, निकालही लागला. पण मी क्रमानेच सांगणार आहे. शेवटचं आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं वाचणं गरजेचं आहे.

तू कपाटाच्या दारावर चिकटवून गेलेल्या एकवीस सूचना आम्ही रोज सकाळी वाचत होतो. खारूला त्या पाठ झाल्या, मला निम्म्या. अकरावी मात्र मला पक्की पाठ होती: 'समोरच्याच्या दातांकडे बघू नये.' लग्नाआधी आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तासभर तुझ्या वरच्या सुळ्याकडे बघत होतो, हे तू अजून विसरली नाहीस, असा मी त्याचा अर्थ घेतला.

परीक्षेला तीनशे अकरा मुली होत्या आणि जागा चाळीस. म्हणजे एका खुर्चीमागे जवळजवळ आठ मुली आणि त्यांचे सोळा पालक. सगळे पालक आवारात उभे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण प्रत्येकाचा एक कान शेजाऱ्याकडे. एक बाई फाटकाच्या गजांतून आपल्या मुलीला सतराचा पाढा विचारत होत्या. मुलगी 'सतरा सक' वर अडली, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "एकशे दोन," आणि मग स्वतःचीच जीभ चावली. त्यांचीही मुलगी परीक्षेला होती ना.

तीन तासांनी आपली बाहेर आली. मी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"सरळ."

"सरळ म्हणजे?"

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

याहून जास्त माहिती मला आजतागायत मिळालेली नाही. पण दहा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणजे सरळच गेला असणार.

मुलाखतीसाठी शिंपीणबाईंनी माझा लग्नातला कोट उसवून सैल करून दिला. "कोट तोच आहे, माणूस वाढलाय," म्हणाल्या, आणि बजावलं की बसताना खालचं बटण सोडा. मी विसरलो. मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर बसलो आणि बटण सुटून त्यांच्या टेबलाखाली गेलं. त्यांनी ते जाताना पाहिलं. मी मात्र ते दुसऱ्याच कोणाचं असावं असा चेहरा केला.

खारूला सकाळीच आत नेऊन आणलं होतं. आता फक्त पालकांची पाळी. बाई साठीच्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, बोलणं अगदी तोलूनमापून. आणि देवाशपथ सांगतो, मी त्यांच्या दातांकडे बघितलं नाही. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. पण कानांचं काय करू? त्यांची खालची कवळी सैल आहे. दर 'स'ला ती उचलली जाते आणि टक् असा आवाज येतो. 'श'ला येत नाही, फक्त 'स'ला. त्या म्हणाल्या, "सांगा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही मुलीसोबत साधारण किती तास असता?" मी टक् टक् मोजत होतो. प्रश्न संपला तेव्हा सहा झाले होते, म्हणून मी म्हणालो, "सहा." बाईंनी कौतुकाने मान हलवून लिहून घेतलं.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

मग त्यांनी आपला अर्ज पुढे ओढला. तू जायच्या आधी भरून, पाकीट चिकटवून ठेवलेला. मी तो नुसता पेटीत टाकला होता, आत काय आहे ते वाचलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही दंतवैद्यक तज्ज्ञ आहात."

मला अर्ज उलटा दिसत होता, पण तुझं अक्षर मी उलटंही ओळखतो. वडिलांचा व्यवसाय: दंतवैद्यक तज्ज्ञ.

मी म्हणालो, "हो."

हे मी तुला सांगणार नव्हतो. गेल्या दहा दिवसांत दोन पत्रं लिहून फाडली, त्यांत हे नव्हतं. पण झालं ते असं. साधारण मिनिटभर मी तज्ज्ञ होतो. बाईंनी विचारलं, "दवाखाना कुठे आहे?" मी म्हटलं, "जवळच." त्यांनी विचारलं, "मुलांच्या दातांचंही बघता?" मी म्हटलं, "क्वचित."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आम्ही विचारलं, घरी चालणारं एखादं काम समजावून सांग. तिने कवळी कशी करतात ते सांगितलं. डॉक्टरकडून माप येतं, मग प्लास्टरचा साचा, मग मेणात एकेक दात बसवायचा. फळ्यावर चित्र काढलं. गणिताच्या बाईंनी दोन शंका विचारल्या, त्यांचीही उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, डॉक्टर नुसतं माप घेतात, दात माझे बाबा करतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग यातले तुम्ही कोण?"

त्या क्षणी भल्या माणसाने काय करावं? खरं सांगून माफी मागावी. मलाही खरंच बोलायचं होतं, पण तोंडातून जे खरं बाहेर पडलं ते भलतंच होतं. मी म्हणालो, "बाई, तुमची खालची कवळी सैल आहे."

बाहेर कोणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं, तेही ऐकू आलं.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. "आपण जाऊ शकता."

खारू बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मग तिला सगळं सांगितलं, बटणासकट. फक्त अर्जात ते कोणी लिहिलं हे नाही सांगितलं. ती म्हणाली, "तू हो का म्हणालास?"

"घाबरलो."

"कशाला घाबरलास? कवळ्या करणं वाईट असतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

बस आली म्हणून मी सुटलो. पण ती खिडकीशी बसली, आणि ज्या पोरीला घरी गप्प बस म्हणावं लागतं ती सबंध रस्ता काही बोलली नाही. मला वाटलं, शाळा गेली तर गेली, पण हे काय होऊन बसलं?

दोन दिवस मी कामात तोंड खुपसून बसलो. एका आजोबांच्या कवळीत डावीकडचा दात उजवीकडे बसवला. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक पत्र लिहिलं: मी डॉक्टर नाही, कवळ्या बनवतो, अर्जातली नोंद चुकीची आहे आणि तुमच्या समोर मी खोटं बोललो, कवळीबद्दल बोललो त्याचीही माफी असावी, माझ्या चुकीची शिक्षा मुलीला देऊ नये. ते घेऊन स्वतः शाळेत गेलो. शिपायाकडे देऊन पळ काढावा असा बेत होता, पण बाई समोरूनच आल्या. व्हरांड्यातच उभ्या राहून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"खोटं बोलणाऱ्या पालकांच्या मुली घ्यायच्या नाहीत असं ठरवलं," त्या म्हणाल्या, "तर मला चाळीस बाकं विकायला काढावी लागतील. या वर्षी तीन आरमारप्रमुख आले होते. आपल्याला आरमार तरी आहे का तेवढं?" मग पत्राची घडी घातली. "पहिल्या गोष्टीची माफी मागितलीत ते बरं केलंत. दुसरीची का मागता? ती खरी होती."

शुक्रवारी यादी लागली. चाळीस नावांत आपली एकोणचाळिसावी. मी खालून वाचायला सुरुवात केली म्हणून लवकर सापडली. खारूने स्वतःचं नाव बघितलं, मग चाळिसावं वाचलं आणि म्हणाली, "हिच्याशी मैत्री करायला हवी."

तर घे, शेवटचं सांगून झालं. रड, हस, काय करायचं ते कर, आणि मग पुढचं वाच.

तुझा राग आला नाही असं म्हटलं तर ते या महिन्यातलं दुसरं खोटं होईल. आला. पहिल्यांदाच आला असंही नाही. तुझ्या मैत्रिणींकडे मी 'दातांच्या लाइनमध्ये' असतो, हे मी लग्नापासून ऐकत आलो आहे आणि मान हलवत आलो आहे. यात माझाही वाटा आहे. मान मीच हलवली.

पण एक गोष्ट मला माहीत आहे, आणि ती मला माहीत आहे हे तुला माहीत नाही. तुझ्या आईची कवळी मी केली, ते साल आठवतं? नवी कवळी बसवली की मी प्रत्येकाला एखादं मोठं वाक्य बोलून बघायला सांगतो. कोणी पत्ता सांगतं, कोणी नातवंडांची नावं. तुझ्या आईने आरशात बघून म्हटलं, "त्या मुलींच्या शाळेच्या सोळा वर्गांच्या फरश्या मी सात वर्षं पुसल्या." तीच ही शाळा. मग म्हणाली की संध्याकाळी तू फाटकाबाहेर दप्तर घेऊन तिची वाट बघायचीस, आणि कोणी ओळखीचं आलं की झाडामागे जायचीस. कवळी छान बसली होती. एकही 'स' वाजला नाही. पण मग ती म्हणाली, पोरीला सांगू नका.

इतकी वर्षं नाही सांगितलं. आज सांगतो आहे, कारण शाळेने नवा अर्ज दिला आहे. जुना रद्द करून परत केला. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, तीस एप्रिलच्या आत, म्हणून तो सोबत जोडला आहे. परतीच्या टपालाने पाठवलास तर वेळेत पोचेल. बाकी सगळं मी भरलं आहे. माझ्या व्यवसायापुढे 'कवळ्या बनवतो' असं लिहिलं आहे. अक्षर जरा मोठं आलंय, ते चालवून घे.

दुसऱ्या पानावर विचारलं आहे, 'कुटुंबातील कोणाचा या शाळेशी पूर्वी संबंध होता काय?' जुन्या अर्जात तू तिथे 'नाही' लिहिलं होतंस. ती ओळ मी कोरी ठेवली आहे. तिथे काय लिहायचं ते तूच ठरव. 'नाही' लिहिलंस तरी मी सही करीन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. खारूला मी काही सांगितलेलं नाही. तेही तुझ्याकडेच.

तब्येतीला जप. दुसऱ्यांच्या उलट्या पुसता पुसता स्वतः जेवायला विसरू नकोस.

तुझा नवरा,
आणि तुझ्या आईचा जावई