चार घरांची खुर्ची

तीर्थरूप काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगांनी, उरलेली दोन भेटीअंती).

तुमचा गुडघा कसा आहे? ताईने लिहिलंय की उतरताना गप्प असतो आणि चढताना कुरकुर करतो. गुडघा की तुम्ही, ते तिने लिहिलेलं नाही. इकडे सगळे ठीक आहोत. तुमची तिन्ही पत्रं पोचली. मजकूर तिन्हींत एकच आहे, अक्षर मात्र दर वेळी मोठं होत गेलंय.

तर खुर्चीविषयी. वेताची बैठक विणायला किती दिवस लागतात, हे तुम्ही मला विचारावं आणि मी तुम्हाला सांगावं, यासारखी लाज नाही. तीन दिवस लागतात. आता तिसरा महिना चालू आहे. काकू गेल्यावर लेकीकडे राहायला जाताना तुम्ही घरातलं काहीएक नेलं नाहीत, नेणार म्हणालात ती तिची ही एकच खुर्ची. ती माझ्या हाती सोपवून गेलात. म्हणून हे पत्र लिहायला बसतो आणि उठतो, असं दोन आठवडे चाललंय.

कारखान्यातला तुमचा नियम मला पाठ आहे: एका वेळी एकच खुर्ची खोलायची, ती जोडल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक तुकड्यावर खडूची खूण. मी एकदम चार खोलल्या. तुमची, निवृत्त न्यायाधीशांची, गाणं शिकवणाऱ्या बाईंची आणि दातांच्या डॉक्टरांची. चारही तुम्हीच कधीकाळी बनवलेल्या, तेव्हा म्हटलं घरचीच मंडळी आहेत. जुनं पॉलिश काढायला सगळे तुकडे टर्पेंटाईनने एकदमच पुसून घेतले. पॉलिशबरोबर खडूही गेला. काही बिघडत नाही, कुठलं कुणाचं ते मला डोळे मिटूनही कळतं, उद्या बसून लावू, असं म्हणत न्यायाधीशांची पाठ उचलली, आणि माझी गेली. आठ दिवस आडवा होतो.

त्याच वेळी हिचा भाऊ पाहुणा आलेला. तुम्ही त्याला लग्नात पाहिलंत, नाटकांचे पडदे रंगवतो तो. (बँडवाल्याचा सोनेरी बटणांचा कोट, खाली झोपायचा पायजमा आणि पायात फुटबॉलचे बूट. लग्नातही हेच होतं.) त्याचं म्हणणं असं, की माणसाने डोळ्याला बरं वाटेल ते उचलावं, ते कुठल्या घराण्यातलं हे विचारत बसू नये. नुसतं बसून खाणं त्याला पटेना. मी आत कण्हतोय तोवर त्याने बाहेर चारही खुर्च्या जोडल्या, डोळ्याला बरं वाटेल तशा. तुम्ही जन्मभर एकाच मापाने खाचा पाडल्यात ना, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही चपखल बसला. एखादी तरी खाच चुकवली असतीत तर तो तिथेच अडला असता. शिवाय आपला सरस नाही वापरला, वाफ दिली की सुटणारा. ट्यूबमधला वापरला. त्याने जोडलेलं लाकूड मोडेल, सांधा सुटायचा नाही.

मी काठी टेकत बाहेर येईपर्यंत तीन खुर्च्या घरोघर पोचवूनही झाल्या होत्या. बाईंना न्यायाधीशांचे सिंहाच्या पंजांचे पाय गेले. शिष्या आता पहिल्या झटक्यात सुरात लागतात म्हणे. डॉक्टरांना तुमची उंच पाठ गेली. पेशंट टेकल्याबरोबर आपणहून तोंड उघडतो. न्यायाधीशांना तुमचे साधे पाय आणि डावा हात गेला, पाठ डॉक्टरांची. कुणाची तक्रार नाही. इतकी वर्षं मन लावून काम केलं तेव्हा एक तरी जण कौतुक करायला आला होता का? या वेळी तिघे आले.

राहिली तुमची. तिला न्यायाधीशांची द्राक्षांचे घोस कोरलेली पाठ, बाईंचे सडपातळ पाय, उजवा हात तुमचा, डावा जाडजूड न्यायाधीशांचा. मी तिच्यावर चादर टाकून ठेवली. पण कलादालनाच्या बाई चित्राच्या चौकटी न्यायला आल्या आणि त्यांनी नेमकी चादर उचलली. तीन प्रदक्षिणा घातल्या. म्हणाल्या, "ही सर्वसंग्राहक शैली. किती विचार केलाय हो!" मेव्हण्याने मान अशी हलवली, जणू तो पाळण्यातूनच विचार करत आलाय. त्यांना खुर्ची प्रदर्शनात मधोमध हवी आहे. खरं सांगतो काका, तासभर मीही हवेत होतो. मग सहज तिच्यात बसलो, डाव्या हातावरून बोटं फिरवली, आणि ते गुळगुळीत लागलं.

काकू शिवताना बोटातलं अंगुस्तान तुमच्या खऱ्या डाव्या हातावर वाजवायची, न्यायाधीशांकडे गेलेल्या. दोनदा म्हणजे चहा हवाय, तीनदा म्हणजे आत्ता या. तिथे पडलेले ते बारीक खळगे. मला तिथेच रडू आलं, लपवत नाही.

तसाच न्यायाधीशांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते खळग्यांवर बोटं ठेवूनच ऐकत होते. म्हणाले, "न विचारता कबुली देणारा तू पहिलाच. घेऊन जा, पण माझी बोटं आता चुकल्यासारखी होतील." सांधा अर्थातच सुटेना. बाजूचं लाकूड पटाशीने फोडून हात बाहेर काढला. (तिथे नवं लाकूड घालून त्यांचा हात परत बसवून दिला.) खाचेत जाणाऱ्या टोकावर ट्यूबच्या सरसाचा पारदर्शक थर होता, आणि त्याखाली, काचेखाली ठेवल्यासारखं, तुमचं पेन्सिलचं अक्षर: "उरलेलं. हिच्या खुर्चीला चालेल."

काका, "एका वस्तूत एकच घराणं" म्हणून तुम्ही माझी किती स्टुलं मोडायला लावलीत, आठवतंय? मग डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन तुमच्या पाठीच्या खालच्या कडेला आरसा धरला (त्यांचाच, दात बघायचा). तिथेही तेच, "उरलेलं". म्हणजे काकूची खुर्ची मुळातच इतर खुर्च्यांच्या उरलेल्या तुकड्यांची. तुमच्या संसाराचं पहिलं वर्ष किती ओढाताणीत गेलं ते आई सांगायची, पण खुर्चीचं तिलाही ठाऊक नसावं. तिथून परत येताना मी वाटभर तुमच्यावर रागावलो होतो. घरी पोचेपर्यंत राग गेला.

ताईला नमस्कार, मुलांना पापा. हिचा नमस्कार.

तुमचा,
चार खुर्च्या एकदम खोलणारा पुतण्या

ता. क. : मूळ काम राहिलंच. कलादालनाच्या बाईंना कारागिराच्या हातची चिठ्ठी हवी आहे, की ही खुर्ची ठरवून अशी केलेली आहे. तेवढ्या दोन ओळी तुम्ही लिहून द्याल का? तुम्हीच सुरुवात केलीत, तेव्हा खोटं होणार नाही.

ता. क. दुसरं : चिठ्ठी लिहू नका. काल डावा हात बसवला आणि काकूचं अंगुस्तान घालून दोनदा वाजवून पाहिलं. आवाज तोच आला. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आणते." कलादालनाला नाही म्हणून कळवलंय, मेव्हणा माझ्याशी बोलत नाही. गुरुवारच्या गाडीने खुर्ची घेऊन येतोय.

ता. क. शेवटचं : पाय गाण्याच्या बाईंचेच आहेत, तुमचे मिळाले नाहीत. आल्या आल्या खाली बघू नका. आधी बसा, डावा हात टेका, आणि मग काय बोलायचं ते बोला.