नऊ मिनिटांची कारकीर्द

१४ जून १९८७, रविवार
ओड्वार आला एकदाचा! पंजाबात अतिरेक्यांचा धुमाकूळ, त्यात परदेशी माणसाला चंदीगडचं परमिट मिळवताना माझ्या चपला झिजल्या. नॉर्वेचा निवृत्त फुटबॉलपटू, मिडफिल्डर. आमच्या क्रीडा केंद्रातल्या प्रशिक्षकांना तीन महिने शिकवणार. त्याची सगळी उठबस माझ्याकडे — कारण बायकामुलांविना राहणारा मीच. साहेब म्हणाले, "गुरुनाथजी, आपको कौन-सा घर जल्दी जाना है!" सगळे हसले. मीही हसलो.

१७ जून
नीलाला सांगलीला पत्र टाकलं. मजेत आहे, मित्र खूप झालेत, मेसचं जेवण झकास. सगळं खोटं! दीड वर्ष हेच लिहितोय. दुसरं काय लिहू? ती तिकडे काळजी करत बसेल.

१९ जून
रविवारी महाराष्ट्र मंडळात ओड्वारचा सत्कार. म्हणून त्याला कारकीर्द विचारली. दिवसा पोस्टात नोकरी, संध्याकाळी सराव. अकरा हंगाम, एकच क्लब, सात गोल. देशाकडून एकदाच उतरला — शेवटची नऊ मिनिटं. मग गुडघा गेला. मी म्हटलं, बस, एवढंच? म्हणाला, "एवढंच."

२१ जून
शाल, नारळ, झालं सगळं. पाहुण्यांचा परिचय मी करून दिला — सढळ हाताने! "नॉर्वेच्या संघाचा आधारस्तंभ." "शंभरावर गोल." परिचयात कोणी हात आखडता घेतं का? टाळ्या थांबेनात. मग आमचे अध्यक्ष रघुवीरराव त्याला इंग्रजीत म्हणाले, शंभर गोल म्हणजे कमालच हो! ओड्वारने माझ्याकडे पाहिलं. मग नारळ उचलून मांडीवर घेतला.

२२ जून
मैदानावर म्हणाला, "त्या नऊ मिनिटांत मी चेंडूला दोनदा शिवलो. ते बघायला माझे वडील दोन दिवस बोटीने आले होते. तुझ्या शंभर गोलवाल्याला ते ओळखत नाहीत."
रागावला असता तर परवडलं असतं. फार लाज वाटली.

२७ जून
नीलाचं पत्र. "तुम्ही तिथे रमलात, वाचून निर्धास्त झाले. श्रीनिवासला आता इथल्याच शाळेत घालते. मलाही नोकरी मिळतेय. तुमची बदली होईल तेव्हा होईल."
तीनदा वाचलं. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी!

२८ जून
खरं लिहिलं. दिवेलागणीच्या आत कडी लावून बसतो. जिन्यात पाऊल वाजलं तरी भीती वाटते. रविवारचा अख्खा दिवस तोंडातून शब्द निघत नाही. इथे माझं कोणी नाही, नीला. दोघं या. लगेच या.
पेटीत टाकूनही आलो.

३० जून
ओड्वारला सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. आज पोटभर जेवलो.

७ जुलै
काल संध्याकाळी लालडूजवळ अतिरेक्यांनी बस अडवून माणसं मारली. दिल्लीहून इकडे येतो तोच रस्ता! धावत तारऑफिस गाठलं. तार केली — निघू नका.

८ जुलै
सांगलीची तार. उत्तर नव्हे, आधीच केलेली. नीलाच्या भावाची. "दोघं रविवारी निघाली. दिल्लीहून बुधवारी बसने पोचतील."
आज बुधवार. ओड्वार दाराशी उभा आहे. बसस्टँडवर निघालो.