एक ठोका दाब, दोन ठोके सोड

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र खुशालीचं नाही. फोन करत नाही, कारण महिनाभर आपलं बोलणं बंद आहे आणि आधी मी तोंड उघडणार नाही.

काल गोदामात ट्रक मागे घेत होतो. हमाल मागच्या चाकामागे ठोकळा ठेवायला वाकला, म्हणून क्लच तळापर्यंत दाबला. ट्रक मागेच जात राहिला. ब्रेकवर पाय पडेपर्यंत चाक त्याच्या पावलावर गेलं होतं. घोट्याचा चुरा झालाय. आदल्याच दिवशी तू या क्लचची हवा काढली होतीस. तेलाच्या नळीत बुडबुडा राहिला की पेडल कितीही दाबा, क्लच पुरता सुटत नाही, हे मला तूच शिकवलंस. मग तो राहिला कसा?

मालकाने मला गाडीवरून उतरवलंय. काम चुकलं असं वर्कशॉपने शनिवारपर्यंत लिहून दिलं तर गाडी परत, नाहीतर बारा वर्षांची नोकरी संपली. तेवढं लिहून पाठव. बाबांना नमस्कार सांग.

कळावे. लोभाचं काय ते तुझं तू बघ.
तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिलाय, मनातून आलेला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

मी गाडीखाली पाठीवर, तू वर पेडलवर. बाकीचे मेकॅनिक खालून ‘दाब’, ‘सोड’ असं ओरडतात. आपण दोघं मोठे मानी, म्हणून पान्याने चासीवर ठोकायचं ठरलं, तेही कागदावर लिहून. एक ठोका दाब, दोन ठोके सोड. तू दाबून धरायचं, मी हवा काढायचं निपल उघडून हवा जाऊ द्यायची, निपल बंद करायचं आणि मगच तू पाय उचलायचा. शेवटी शेवटी तू ठोके व्हायच्या आत पाय उचललास. निपल उघडंच होतं. बाहेर गेलेली हवा परत आत ओढली गेली. आता बोल.

आणि बोलणं बंद का झालं, तेही विसरू नकोस. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना बाबांना चार दिवस केबिनमध्ये बसवून फिरवलंस आणि तापाने फणफणलेले माझ्या दारात आणून सोडलंस. ते अजून खोकतात, आणि वर म्हणतात की इतकी मजा दहा वर्षांत आली नव्हती. त्यांच्याशीही मी दोन दिवस अबोला धरला होता.

मी काहीही लिहून देणार नाही. या वर्कशॉपमध्ये पाना हातात मिळायला मला सहा वर्षं लागली. तुझ्या पायाच्या घाईसाठी तो खाली ठेवणार नाही.

लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फाडलं, मग चिकटवलं. उत्तर सणसणीत देणार होतो. त्याआधी हमालाला बघायला दवाखान्यात गेलो.

त्याने माझीच माफी मागितली. म्हणाला, पाय वेळेत काढला नाही, चूक त्याची, त्याच्यामुळे माझी गाडी गेली. बायको शेजारी उभी होती, तीही हात जोडून. मला तिथे बसवेना.

ताई, पाय मी मुद्दाम उचलला. तू मला ठोक्यांवर नाचवतेस याचा संताप आला होता. वर्कशॉपच्या फाटकातून निघतानाच पेडल लिबलिबीत लागलं होतं. गाडी फिरवून तुला सांगायला हवं होतं, पण मग पहिला शब्द माझा झाला असता. हे सगळं आज मालकाला सांगितलं. गाडी कायमची गेली. तू काही लिहू नकोस.

लोभ कमी झाला असेल तरी बाबांचा खोकला तेवढा कळव.
धाकटा


ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांचा खोकला बराच कमी आहे.

तू मुद्दाम पाय उचललास हे वाचून पत्र भिंतीवर भिरकावलं. मग ते उचलायला उठले आणि तशीच दवाखान्यात गेले. हमालाने मलाही हात जोडले. गाडीखाली कोण होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

तुला माहीत नाही ते लिहिते. निपलला जोडून तेलाच्या बाटलीत सोडलेल्या नळीतून शेवटपर्यंत बुडबुडे येत होते. मला दिसत होते. अजून दहा वेळा तरी दाब-सोड करावं लागलं असतं, आणि पाय लवकर उचलू नकोस हे तुला तोंडाने सांगावं लागलं असतं. मी निपल आवळलं, हात पुसले आणि किल्ली तुझ्यापुढे न बोलता ठेवली. हे सगळं तुझ्या मालकाला आणि आमच्या मुख्य मिस्त्रींना लिहून दिलंय. मिस्त्रींनी माझा पाना परत घेतला. घेणारच, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

माझा राग गेलेला नाही. बाबांना नेलंस त्याचा तर मुळीच नाही. रविवारी ये. तुला काय काय बोलायचंय त्याची यादी माझ्याकडे तयार आहे, तुझीही असेल. दारातच भांडू, आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. राग माणसाच्या पायावर काढण्यापेक्षा ते बरं.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
ताई