अक्षतांनी अडलेला पंखा

बाई, परवा माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालता चालता गप्प झाला. पॉवर सप्लाय गेला, ते वासावरूनच कळलं. मुलगा म्हणतो, आई, टाकून दे ते धूड, लॅपटॉप घे. त्याचं काही चुकत नाही. पण तो जळका वास नाकात गेला आणि मी थेट गंगाखेडला, तुमच्या टायपिंगच्या वर्गात जाऊन उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या खोलीच्या आठवणीतसुद्धा मी चप्पल बाहेर काढूनच शिरते.

टायपरायटरच्या रांगेशेवटी तुम्ही तो एकुलता एक कॉम्प्युटर मांडलात, तेव्हा लोक नुसते बघायला यायचे. मी तुमच्याकडेच शिकले आणि तुमच्याकडेच शिकवायला लागले. घरच्यांनी मला परगावी राहू दिलं ते कॉम्प्युटरच्या नावावर. नुसत्या टायपिंगसाठी कुणी ठेवलं नसतं. तो बंद पडला की माझं गंगाखेडही बंद, आणि पुढे कांदेपोह्यांचा ट्रे. हे तुम्हालाही माहीत होतं.

त्या खंडेनवमीला तुम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केलीत. टायपरायटरला हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. कॉम्प्युटर नवा पाहुणा, म्हणून त्याचे लाड जरा जास्त. ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर घेऊन तुम्ही त्याच्या पाठीमागच्या जाळीवर वाहिल्यात. जाळीच्या आत पंखा असतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दसरा झाला, वर्ग सुरू झाला, आणि दुपारी धूर निघून पडदा काळा पडला. दोन दिवसांनी परभणीहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून मान हलवली. सगळंच जळलंय म्हणाला. बातमी तोवर गावी पोचलीच होती; संध्याकाळी माझा भाऊ दारात हजर. "बंद पडलं ना ते खोकं? मंग चल घरी. ऐतवारी पाहुणे यायलेत." मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आधी जाऊन मी झाकण काढते आहे, आणि तुम्ही दारात उभ्या. "स्क्रू काढायला कुणी सांगितलं तुला? उरलंसुरलं बी घालवतीस का?" याच आवाजानं सगळ्या वर्गाची बोटं जागच्या जागी थांबायची. मी घाबरते, पण पेचकस खाली ठेवत नाही. "बाई, वास घ्या," म्हणते. तुम्ही पदर सावरून वाकता. आतल्या हिरव्या पाट्या स्वच्छ आहेत, त्यांना वास नाही. सगळा वास कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याला, बाहेरची वीज घेऊन बाकीच्यांना वाटून देणाऱ्या. त्याच्या पंख्याच्या पात्यांत लाल तांदूळ घट्ट बसलेले.

"म्हंजी मीच घात केला म्हण की," तुम्ही म्हणालात आणि खुर्चीत बसलात. मग म्हणालात, "नवा डबा आणला अन् बाकीचं बी जळलेलं निघालं, तर दुसऱ्यांदा काही आणायची ऐपत न्हाई माझी. वर्गच मिटवावा लागंल." आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "तू काय म्हणतीस?"

बाई, आमच्या घरात आज भाजी कुठली करायची एवढंही मला कुणी विचारत नसे. मी म्हणाले, "बदलू." तुम्ही म्हणालात, "मंग तूच जाऊन आण."

भावाला सांगितलं, ऐतवारी मला जमायचं नाही, कामावर आहे. तो एकटाच गावी परतला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंदची हवा होती, एसटीचा नेम नव्हता, म्हणून रेल्वेनं परभणीला गेले आणि डबा मांडीवर घेऊन परतले. दुकानदारानं बजावलं होतं, काळ्या तारा काळ्यांना लागूनच बसवायच्या. तशा बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात आणि बाहेर ताटकळलेल्या पोरींना आत बोलावलंत. मला मात्र इतका आनंद झाला होता की गूळ चावायचंही सुचेना. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही अक्षतांचं ताट टेबलावर लांब ठेवून कॉम्प्युटरला म्हणालात, "तिथनंच घे बाबा."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला माहीत आहे. पण एक कबूल करते. डबा बदलायचा की नाही, हा प्रश्न उरलेलाच नाही; नवा पॉवर सप्लाय मी कालच सांगून आले. आजवर कितीतरी गोष्टी मी अशाच ठरवल्या, माझ्या मीच. तरी लिहायला बसले, कारण ठरवण्याआधी "तू काय म्हणतीस?" असं त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. ते एकदा परत ऐकायचं होतं.