रेती भरली नव्हती

बाबा,

गेल्या आठवड्यात शेजारणीच्या अंगणात विहिरीएवढा खड्डा पडला. सकाळी शेळीला पाला टाकून ती मागे वळली, तोच शेळी खुंट्यासकट खाली गेली. चंद्रपूरहून खाणीचे साहेब आले, पावसानं माती भुसभुशीत झाली म्हणाले, मुरूम टाकून गेले. मी शाळेत शिकवते म्हणून शेजारीण मलाच विचारते, "बाई, आता जाऊ का घरी? लेकराईले शाळेच्या खोलीत किती दिस निजवू?"

मला तुम्ही दिसता. खाणीतून पहिली पाळी करून आलेले, चुलीपुढे पाटावर बसलेले. आईला सांगत आहात की छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवतात, शेवटी तेही काढतात, आणि त्या मोकळ्या जागेत पाण्याबरोबर रेती सोडून ती भरावी लागते. "गावाखालचे खांब काढले, रेती नाई भरली. कागदावर भरली, अन् सही माही." आई म्हणते, "पोरीसमोर काऊन बोलून राह्यले?" दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात मैत्रिणींना सांगितलं. आयुष्यात एकदाच तुम्ही माझ्यावर हात उगारलात. "खालची गोष्ट वर नाई आणाची." नाही आणली. खाली मात्र छत थोडं थोडं ढासळत राहिलं आणि पोकळी इतकी वर्षं वर सरकत आली.

काल ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हटलं, मुरमानं भागणार नाही. आधी खालची पोकळी तपासा, तोवर या ओळीतल्या एकाही घरात कोणी राहायचं नाही. साहेब हसले. "मॅडम, नकाशावर तिथं रेती भरलेली आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या नकाशाखाली ज्यांची सही आहे त्यांनी. माझ्या बाबांनी."

मग तुमच्या पाळीतले एक म्हातारे भाऊ काठी टेकत उठले. "खरं हाय बाईचं. मीबी होतो तिथी. साहेब, हासाचं काम नाई हे." जमीन तपासायचं लेखी आश्वासन हातात येईपर्यंत मी सभेच्या दारातून हलले नाही.

गावात आता तुमच्याबद्दल बोलतात. ऐकताना जीव तुटतो, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. एकच गोष्ट सभेत सांगितली नाही, आणि तुम्ही आता नाही, हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून इथं लिहिते. शेजारणीनं ते घर बांधलं, तेव्हा पाया खणताना मी बघत होते. गृहप्रवेशाच्या पंगतीत तिथंच बसून मी दोनदा वरणभात मागून घेतला. तेव्हाही मला माहीत होतं.