फाटकं नेट

पनवेल, मंगळवार

आये, इथूनच पाया पडतो.

दारू सोडवायच्या या केंद्रात मोबाईल काढून घेतात, म्हणून कागदावर लिहितोय. शेजारच्या निशाकडून वाचून घे.

जेवण बरं हाय. झोपेचं विचारू नको. तुझा गुडघा कसा हाय? बाबांची होडी विकली नाय ना?

आज बारावा दिवस, पण एका जागी बसवत नाय. काल तर दोनदा बॅग भरली. मग अंगणात व्हॉलीबॉलचं फाटकं नेट दिसलं. सरांना म्हटलं, आमी कोळी, द्या इकडं. हात इतके थरथरत होते की पहिली गाठच बसेना. आज एक ओळ झाली. जोर लावून ओढली, सुटली नाय. अजून बरंच नेट बाकी हाय, तोवर मी इथंच.

माझी जाळं विणायची सुई पाठव. पण द्यायला तू येऊ नको. तुला बघितलं तर मी तुझ्यामागं गेटबाहेर येईन.

तुझा मिथुन