पदराला राहिलेली गाठ

प्रिय आई,

तुझ्या जांभळ्या सुती साडीच्या पदराला ती गाठ कशाची होती? सहा महिने झाले, मला उत्तर सापडलेलं नाही. आज लिहितेय, कारण शोभामावशी बहादरपुरहून ती साडी न्यायला आली होती. बाकीच्या साड्या मी कधीच वाटून टाकल्या. ही एवढी लपवून ठेवली होती.

तू रोज सकाळी दर कामाची एक गाठ पदराला मारायचीस. काम झाल्याशिवाय सोडायची नाही, हा तुझा नियम. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी फ्रिजवर यादी चिकटवली, प्रत्येक ओळीपुढे चौकोन काढून. तू म्हणालीस, "तुझी लिस्ट फ्रिजवर थंडी पडते. माझी माझ्यासंगं फिरते."

तू गेलीस आणि एक गाठ राहिली. म्हटलं, ते काम करू आणि सोडू. पण कोणतं काम? शनवारा चौकातल्या टेलरकडून तुझा ब्लाउज आणला. शेजारच्या काकूंचा डबा परत केला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आधी शेव आणली. कुकरची शिट्टी बदलली. माळ्यावरची गोधडी उन्हात घातली. इतकी कामं मी जन्मात उरकली नव्हती. ऑफिसातून येऊन रोज एक. दरवेळी गाठीला हात लावायचे आणि वाटायचं, ही त्याची नसेल. दमले गं आई.

फ्रिजवरच्या यादीतल्या एका ओळीकडे मात्र बघत नव्हते. 'आईला सही शिकवणे, रविवारी.' दर महिन्याला नवी यादी आणि त्यात हीच ओळ. माझ्या प्रत्येक निकालपत्रावर तुझा अंगठा, आणि मी कॉलेजात साक्षरतेवर भाषणं देत होते. "तुझा संडे कधी येतो गं?" तू विचारायचीस. एका रविवारी 'क' झाला. तुझ्या नावातली, कमलमधली, उरलेली दोन अक्षरं पुढच्या रविवारवर गेली. तू याच शेवटच्या यादीच्या कोपऱ्यात पेनाने तीन 'क' काढलेस, तर यादी खराब केलीस म्हणून मी चिडले. तू एकदा तरी माझ्यावर ओरडायचंस ना. इतकं कशाला समजून घेतलंस?

आज मावशीला गाठ दाखवली, तर ती हसायलाच लागली.

"अगं पोरी, तिच्या अर्ध्या गाठी तिलाच समजत नव्हत्या. दुपारी मला फोन करायची, शोभे, ही कशाची बांधली असंल? मी म्हणायची, सोड नं मग. टाकायची सोडून."

म्हणजे नियम फक्त मला सांगण्यापुरता होता?

मावशीही अंगठाच लावते. जेवण झाल्यावर तिला वही देऊन बसवलं. 'शो'ची मात्रा दोनदा भलतीकडे गेली. "कमलचं बरं होतं, सरळ नाव," ती कुरकुरली. बसची वेळ होईपर्यंत शोभा जमलं, 'भा' जरा वाकडा. यादीतलं 'आईला' खोडून मी 'मावशीला' लिहिलं आणि चौकोनात खूण केली. खूण करताना तुझे तीन 'क' शेजारीच होते.

आडनाव बाकी आहे. पुढच्या रविवारी मी बहादरपुरला जाणार, आणि हा रविवार पुढे ढकलणार नाही, हा तुला शब्द.

गाठ फार घट्ट होती, दात लावावे लागले. सोडली. साडी मावशीच्या पिशवीत घातली.

तुझी,
मनू